शिट्टीविना साठ हंगाम

1943 साली कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड या कोळसा खाणींच्या गावात एका कॅथलिक हायस्कूलच्या फुटबॉल कोचला लष्कराचं बोलावणं आलं. महायुद्ध ऐन भरात होतं, बदली माणूस मिळण्यासारखा नव्हता, आणि शाळेने त्या वर्षी संघच मोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. तेव्हा संघाचा कर्णधार चालकांना जाऊन भेटला आणि म्हणाला, संघ मी चालवतो. त्याचं वय 16. नाव जॉन गलार्डी. शाळेने हो म्हटलं.

कोच झाल्यावर त्याने आधी काय केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याने नवं काही आणलं नाही, जुनं काढून टाकलं. आधीच्या कोचच्या हाताखाली सराव चालू असताना मुलांना पाणी प्यायला मिळत नसे. गलार्डीने पाणी सुरू केलं. उकिडवं बसून बदकासारखं चालायची कवायत होती, ती बंद केली. मैदानाला फेऱ्या मारणं बंद केलं. तो स्वतः त्याच संघात खेळत होता. यातलं काय सामन्यात उपयोगी पडतं आणि काय नुसतं अंग मोडतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि कोच कसा असावा याचं शिक्षण त्याला कुणी दिलेलंच नसल्यामुळे, जे निरुपयोगी दिसलं ते काढून टाकायला त्याचा हात अडखळला नाही.

पुढचे सहा हंगाम तो हायस्कूलच्या संघांना शिकवत राहिला, चार वेळा आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं, आणि तेवढ्यात स्वतःची कॉलेजची पदवीही पूर्ण केली. 1949 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आतच, मोन्टानातल्या हेलेना गावच्या कॅरल कॉलेजने त्याला मुख्य कोच नेमलं. तिथे चार वर्षं. 1953 मध्ये तो मिनेसोटातल्या कॉलेजव्हिलला, बेनेडिक्टाइन मठाच्या सेंट जॉन्स विद्यापीठात आला आणि 2012 च्या हंगामापर्यंत तिथेच राहिला. साठ हंगाम, एकाच ठिकाणी. कॉलेज पातळीवर एकूण 489 विजय, 138 पराभव, 11 सामने बरोबरीत. चार राष्ट्रीय विजेतेपदं: 1963, 1965, 1976 आणि 2003. ग्रॅम्बलिंगच्या एडी रॉबिन्सन यांचा 408 विजयांचा विक्रम त्यांनी नोव्हेंबर 2003 मध्ये मागे टाकला. ऑक्टोबर 2018 मध्ये, 91 व्या वर्षी ते गेले. कॉलेज फुटबॉलमध्ये त्यांच्याइतके सामने आजवर कुणीही जिंकलेले नाहीत.

एवढा मोठा माणूस, पण त्याची पद्धत बहुतेक कोचनी उचललीच नाही. ती का उचलली नाही, यावर मला बोलायचं आहे.

आधी खेळाबद्दल थोडं. अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घातलेल्या धिप्पाड माणसांची धडकाधडकी, एवढीच आपल्याकडे त्याची ओळख असते. प्रत्यक्षात तो कमालीचा आखीव खेळ आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. प्रत्येक प्रयत्न जेमतेम काही सेकंदांचा, आणि त्या सेकंदांत अकराही जणांना आपापलं काम नेमून दिलेलं असतं. कुणी कुठून किती पावलं पळायचं, कुणी कुणाला अडवायचं, चेंडू कधी सुटणार, सगळं ठरलेलं. एकाचं पाऊल चुकलं की डाव कोसळला. म्हणजे अंगात ताकद लागते हे खरं, पण त्याहून जास्त लागतं ते लक्ष, पाठांतर आणि समोरचा काय करणार याचा झटकन बांधलेला अंदाज.

हे ध्यानात घेतलं की कॉलेजव्हिलचा सराव समजतो. दुपारी मुलं मैदानावर येत. डोक्याला हेल्मेट, खांद्यांना पॅड, खाली साधी शॉर्ट. रांगा नाहीत, जोर-बैठका नाहीत, धावण्याच्या शर्यती नाहीत, लोखंडी सांगाड्यावर धडका मारणं नाही. शिट्टी नाही. कोच म्हणून हाक मारायची नाही, जॉन म्हणायचं. चेंडू सुटे, डाव सुरू होई. बचाव करणारा मुलगा धावणाऱ्याच्या वाटेत नेमक्या जागी, नेमक्या कोनात पोचे आणि तिथेच थांबे. त्याला खाली पाडायचं नाही. पोचला, म्हणजे काम झालं. चुकला, तर तोच डाव पुन्हा, आणि पुन्हा. दीड तासाच्या आत सराव संपलेला. फार ऊन असलं, फार थंडी असली, चिलटांचा त्रास असला, तर आत जायचं. सुरुवातीला मुलांना गवतावर उताणं पडून शेजाऱ्याला ‘काय छान दिवस आहे’ एवढंच म्हणायला लावत, असंही सांगतात. वजनं उचलायची सक्ती नाही, नवख्यांचं रॅगिंग नाही, आणि आलेल्या मुलाला नापास करून घरी पाठवणं नाही. त्यामुळे संघात दीडशेच्या वर मुलं असत.

याला ढिलेपणा म्हणणाऱ्याने एक आकडा बघावा. 1993 साली या संघाने सामन्यामागे सरासरी साठाहून जास्त गुण केले. टंगळमंगळ करणाऱ्या पोरांकडून हे होत नाही. शिस्त होतीच, आणि कडक होती, पण ती डावाच्या नेमकेपणाची होती. थकव्यातून आलेली आज्ञाधारकता आणि समजुतीतून आलेला नेमकेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींमध्ये मुलं ओळीत उभी दिसतात, म्हणून आपली गल्लत होते.

आता दुसरं टोक. 1954 च्या उन्हाळ्याअखेर पॉल ‘बेअर’ ब्रायंट या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या नव्या कोचने आपल्या मुलांना बसमध्ये घालून जंक्शन या आडगावात नेलं. टेक्सस तेव्हा भयंकर दुष्काळात होतं. खडकाळ, काटेरी जमीन, अंगाची लाही करणारं ऊन, पहाटेपासून सराव, आणि सरावात पाणी नाही. निम्म्याहून अधिक मुलं दहा दिवसांत सोडून गेली. जी उरली ती पुढे दंतकथेचा भाग झाली, त्यांच्यावर पुस्तक निघालं, चित्रपट निघाला. दोन वर्षांनी, 1956 मध्ये, त्या संघाने एकही सामना न हरता आपल्या गटाचं विजेतेपद घेतलं. ही गोष्ट सांगताना हा शेवट नेहमी सांगितला जातो. शिबिरानंतरचा लगेचचा हंगाम मात्र घाईने उरकतात. त्या वर्षी त्यांनी दहांपैकी एक सामना जिंकला, नऊ हरले. ब्रायंटच्या सबंध कारकिर्दीतला मुख्य कोच म्हणून हा एकच तोट्याचा हंगाम.

ब्रायंट थोर कोच होता, यात मला शंका नाही. पुढे अलाबामाला त्याने सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. पण जंक्शनने त्याला थोर केलं, हा निष्कर्ष कशावरून? जे टिकले त्यांच्याकडे बोट दाखवून आपण म्हणतो, बघा, आगीतून गेले म्हणून सोनं झाले. जे रात्री सामान बांधून महामार्गावर गाडीची वाट बघत उभे राहिले, त्यांच्यात किती चांगले खेळाडू होते, याचा हिशोब कुणी मांडला? एखाद्या प्रयोगात निम्मा माल वाया जावा आणि उरलेल्याचं तेज दाखवून प्रयोग यशस्वी ठरवावा, असा हा प्रकार आहे.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमेरिकेतल्या गावोगावच्या हायस्कूल मैदानांवर हीच श्रद्धा इंग्रजीत नांदते. या म्हणीचा दावा तपासून बघा. घाव सोसले तर देवपण येऊ शकतं, एवढंच ती म्हणत नाही. घावांवाचून देवपण येतच नाही, असा तिचा ठाम दावा आहे. असा दावा खोडायला हजार उदाहरणं लागत नाहीत, एक धडधडीत उदाहरण पुरतं. गलार्डींच्या चौसष्ट कॉलेज हंगामांइतकं लांब आणि नोंदींनी भरलेलं उदाहरण क्वचितच सापडेल. मवाळपणाने जिंकता येतं, एवढं मोठं विधान मी त्यावरून करणार नाही. मुलांना छळणं जिंकण्यासाठी आवश्यक नाही, एवढं मात्र त्यातून निर्विवाद सिद्ध होतं. आणि जे आवश्यक नाही ते करायचं असेल, तर ते का करायचं हे सांगायची जबाबदारी करणाऱ्यावर येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. सेंट जॉन्स हे तिसऱ्या विभागातलं कॉलेज. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, मुलं व्यावसायिक होण्याच्या ईर्ष्येने येत नाहीत. तिथलं यश मोठ्या मैदानांना कसं लागू होणार? आक्षेप वाजवी वाटतो, पण नीट बघितला तर तो गलार्डींच्याच बाजूने जातो. त्यांचे प्रतिस्पर्धीही तिसऱ्या विभागातलेच होते. शिष्यवृत्ती त्यांच्याकडेही नव्हती. मिनेसोटातल्या त्याच गावांमधून, त्याच वकुबाची मुलं त्यांच्याकडेही जात. दोघांत ठळक फरक दिसतो तो सरावाच्या पद्धतीचा. समोरचे आठवडाभर एकमेकांना पाडत होते, हे पाडत नव्हते, आणि शनिवारी बहुधा हे जिंकत होते. आपल्या गटाची 27 विजेतेपदं त्यांनी सेंट जॉन्सला मिळवून दिली. 2003 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात समोर माउंट युनियन होतं, सलग 55 सामने जिंकून आलेलं. सेंट जॉन्सने त्यांना 24-6 असं हरवलं. सरावात कुणाला न पाडणाऱ्या मुलांनी देशातल्या त्या विभागातल्या सर्वांत बलाढ्य संघाला फक्त सहा गुण करू दिले.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो मी गांभीर्याने घेतो. सरावात टक्कर नसली तरी शनिवारी होतेच. मग गलार्डींनी नेमकं काय वाचवलं? याचं उत्तर त्यांच्या तरुणपणी कुणालाच देता आलं नसतं, आज देता येतं. 2017 मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या ॲन मकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर दान केलेल्या 202 फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या 111 पैकी 110 मेंदूंमध्ये वारंवारच्या धक्क्यांनी होणारा सीटीई हा आजार आढळला. कॉलेजपर्यंत खेळलेल्या 53 पैकी 48 मध्ये. ज्यांच्या घरच्यांना आधीच काही शंका होती असे मेंदू दानात जास्त आले असणार, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही, आणि संशोधकांनीही तसं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही आकडा झोप उडवणारा आहे. हा आजार एखाद्या मोठ्या आघाताने होतो असं नाही, वर्षानुवर्षं साचत गेलेल्या छोट्या धक्क्यांशी त्याचा संबंध दिसतो. आणि हे धक्के बसतात कुठे? कॉलेज खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये संवेदक बसवून केलेला एक अभ्यास 2021 मध्ये आला, त्यात डोक्याला बसलेल्या धक्क्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश सरावातले निघाले. वर्षाला दहा-बारा सामने आणि सराव मात्र महिनोनमहिने, असा हा साधा हिशोब आहे. सामना खेळ म्हणून स्वीकारला तरी उरलेले धक्के विनाकारण बसत होते. गलार्डींनी ते विनाकारणचे धक्केच काढून टाकले.

मेंदूच्या आधी आणखी एक जुनं दुखणं आहे, उन्हाचं. 2001 च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटाच्याच व्यावसायिक संघातला कोरी स्ट्रिंगर सरावात उष्माघात होऊन दगावला. 2018 मध्ये मेरिलंड विद्यापीठाचा 19 वर्षांचा खेळाडू सरावातल्या धावण्याच्या फेऱ्यांनंतर कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. संघात धाक आणि अपमान यांचं वातावरण असल्याच्या तक्रारी पुढे आल्या, चौकशी झाली, शेवटी मुख्य कोचला काढावं लागलं. 1943 मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाला जे कळलं होतं, ते पंचाहत्तर वर्षांनंतर एका नामांकित विद्यापीठाला एका तरुणाच्या मरणानंतर कळावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं आणि रागही येतो.

मग पद्धत पसरली का नाही? पहिलं कारण म्हणजे कोच होणं हे कुठल्या पुस्तकातून येत नाही. माणूस ज्या कोचच्या हाताखाली खेळला, त्याचंच अनुकरण करतो. ज्याने दहा वर्षं फेऱ्या मारल्या, त्याला फेऱ्या निरुपयोगी होत्या असं मान्य करणं म्हणजे स्वतःची दहा वर्षं वाया गेली असं मान्य करणं. आपण सोसलं ते सगळं कामाचंच होतं, असं मानण्याची ओढ माणसाला जबर असते. गलार्डींच्या हातात संघ आला तेव्हा ते सोसून मोकळे झालेले नव्हते, सोसतच होते. त्यांच्या मोकळेपणाचं मूळ मला इथे दिसतं.

दुसरं कारण नोकरीचं. कठोर कोच हरला तर लोक म्हणतात, मुलंच कमी पडली. सौम्य कोच हरला तर म्हणतात, बघा, याने मुलांना लाडावून ठेवलं. पराभव दोघांच्या वाट्याला येतो, पण दोष एकाच्याच माथी मारला जातो. अशा बाजारात शहाणा माणूस शिट्टी फुंकणारच. गलार्डींना कॉलेजव्हिलच्या मठात धीर धरणारी माणसं मिळाली. 1976 नंतर पुढचं राष्ट्रीय विजेतेपद यायला 27 वर्षं लागली, त्यांना कुणी हटवलं नाही. मोठ्या विद्यापीठात 27 महिनेही मिळतील याची खात्री नसते. 2023 मध्ये टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशर या कोचला मुदतीआधी काढलं, तेव्हा उरलेल्या करारापोटी त्याला साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणं लागलं. जिथे एका माणसाला घरी पाठवायला इतका पैसा मोजतात, तिथे कोच नवं काही करून बघायला कसा धजावेल?

कोचच्या नोकरीच्या शिडीचं वरचं टोकही सगळ्यांना मानवतं असं नाही. सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलमध्ये जेरी फॉस्टने अठरा हंगामांत 174 सामने जिंकले, हरले फक्त 17. त्या जोरावर 1981 मध्ये नोत्र दामने त्याला थेट मुख्य कोच केलं. पाच वर्षांत 30 विजय, 26 पराभव, एक बरोबरी, आणि राजीनामा. लोक त्याला अपयशी म्हणतात. मला त्यात हायस्कूलच्या कामाचा अपमान दिसतो. शाळकरी मुलांना शिकवणं ही कॉलेजची पायरी आहे, कॉलेज ही व्यावसायिक लीगची, असं गृहीत धरलं की खाली राहिलेला प्रत्येक जण मागे पडलेला ठरतो. साउथ कॅरोलायनातल्या समरव्हिलमध्ये जॉन मकिसिक एकाच हायस्कूलला सहा दशकांहून जास्त काळ शिकवत राहिले आणि त्यांनी 621 सामने जिंकले. गलार्डींनी साठ वर्षं एकच छोटं कॉलेज धरून ठेवलं. ही माणसं कुठे पोचली नाहीत, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अलीकडे थोडा फरक पडतो आहे. डार्टमथ कॉलेजमध्ये बडी टीव्हन्स यांनी 2010 पासून सरावात एकमेकांना पाडणं बंद केलं. पाडायला म्हणून इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने चाकांवर धावणारा यांत्रिक पुतळा बनवून घेतला. संघ मागे पडत गेला का? उलट 2015, 2019 आणि 2021 मध्ये त्यांनी आयव्ही लीगच्या विजेतेपदात वाटा मिळवला. 2016 मध्ये सगळ्या आयव्ही लीगने हंगामातल्या सरावात एकमेकांना पाडण्यावर (टॅकलिंगवर) बंदी आणली. कॅलिफोर्नियाने तर 2014 मध्ये कायदाच केला. तिथल्या शाळांना हंगामात आठवड्याला पूर्ण टकरीचे दोनच सराव घेता येतात, आणि तेही दीड तासाच्या वर नाहीत. हाच दीड तास गलार्डी किती आधीपासून पाळत होते.

पण अमेरिकेत हायस्कूल फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या वर आहेत, आणि त्यांचे नियम राज्यागणिक बदलतात. खरा निर्णय तर गावच्या शाळा मंडळात होतो. अशा गावांत आता आपलीही माणसं आहेत. ॲलन, फ्रिस्को, मॅकिनी या डलासच्या उपनगरांत कितीतरी मराठी घरं आहेत. ॲलनच्या हायस्कूलचं 18,000 आसनांचं स्टेडियम 2012 मध्ये सहा कोटी डॉलर खर्चून उभं राहिलं, मॅकिनीचं 2018 मध्ये त्याहूनही महाग. त्यांच्या कर्जरोख्यांची रक्कम घरपट्टीतून फिटते, म्हणजे आपल्या लोकांच्याही खिशातून. आपली मुलं तिथे बँडमध्ये वाजवतात, काही जण संघातही जातात. त्यांच्या आईवडिलांपैकी जे अमेरिकन नागरिक आहेत त्यांना शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क आहे, आणि मंडळाच्या सभेत उभं राहून विचारायचा तर सगळ्यांनाच. आठवड्यात पूर्ण टकरीचे सराव किती होतात? ऑगस्टच्या उन्हात कोसळलेल्या मुलाला बुडवायला बर्फाच्या पाण्याचा टब मैदानावर तयार असतो का? आणि गेल्या हंगामात संघ सोडून गेलेल्या मुलांना, का सोडलंत, असं कुणी विचारलं आहे का?